१२ इंची वूफर, ढब ढब बेस आणि ३०० वॅटचा अॅम्प: घेऊ का नको?

चिपळूणच्या एकांनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्यांना पण संदर्भ लागेल. त्यांना जुन्या गाडीतून काढलेला १२ इंची कार सबवूफर मिळालाय, स्टिकर निघून गेलंय त्यामुळे कंपनी, मॉडेल काहीच माहीत नाही. घरात उरलेल्या १८ एमएम कमर्शियल प्लायचा बॉक्स केला, आतून ३३ बाय ३३ बाय २० सेंटीमीटर. बाजूला ७५ एमएमचा पीव्हीसी पाइप बसवला, १० सेंटीमीटर लांब, कारण व्हिडिओत तेवढाच होता. अॅम्प म्हणून टीपीए ३११६ चिपचा मोनो बोर्ड, १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर. खोली १० बाय १२ फूट, बॉक्स कोपऱ्यात. तक्रार अशी की कुठलंही गाणं लावा, बेसचा एकच सूर ढब ढब वाजतो, सिनेमात खालचा जो खोल आवाज पाहिजे तो येतच नाही, आणि आवाज वाढवला की फडफडतो. शेवटी विचारलंय, ३०० वॅटचा अॅम्प घेतला तर सुटेल का?

नाही सुटणार. आणि आत्ता घेऊ पण नका, कारण या बॉक्समध्ये ३०० वॅट सोडले तर वूफर जायची शक्यता जास्त आहे. तुमचा प्रॉब्लेम वॅटचा नाहीये, बॉक्सचा आहे. बॉक्स म्हणजे नुसतं वूफर बसवायचं फर्निचर नाही, बेसच्या बाबतीत तो स्पीकरचा निम्मा भाग असतो. आतली हवा कोनला, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला, स्प्रिंगसारखी मागे ढकलते, ती स्प्रिंग किती कडक हे लिटरवर ठरतं, आणि तिथेच सगळा आवाज ठरून जातो. अॅम्प फक्त जे आहे ते मोठं करतो. ढब ढब आहे ते मोठं ढब ढब होईल.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं घरगुती सब आणि कॅबिनेट करतोय, मधे मधे मंडळांची पण कामं केलीत, आणि हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपात सारखा येतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी तुम्ही टाकलेल्या फोटोबद्दल, कारण त्यात मला एक गोष्ट दिसली जी तुम्ही लिहिली नाहीये. वूफरच्या मागे टर्मिनल चार आहेत आणि वायर दोनच टर्मिनलला आहे. म्हणजे हा ड्युअल व्हॉइस कॉइलचा, कोन हलवणारी तारेची दोन वेटोळी असलेला वूफर आहे, कारच्या वूफरमध्ये हे अगदी कॉमन आहे, आणि तुमची अर्धी मोटर रिकामी पडून आहे. एक कॉइल मोकळी सोडली की कोनवरचा इलेक्ट्रिकल ब्रेक निम्मा होतो, कोन थांबायला पाहिजे तिथे थांबत नाही, डुलत राहतो. क्यूटीएस म्हणून एक आकडा असतो, कोन किती लवकर आवरतो ते सांगणारा, तो एकच कॉइल जोडल्यावर जवळजवळ दुप्पट होतो. तुमच्या ढब ढबचा मोठा हिस्सा इथेच असू शकतो आणि दुरुस्तीला एक वीतभर वायर लागते.

मीटर ओमवर ठेवून दोन्ही कॉइल मोजा. प्रत्येकी ३.५ च्या आसपास आलं तर ४ अधिक ४ ओमचा वूफर आहे. मग सिरीज करा: अॅम्पचा प्लस पहिल्या कॉइलच्या प्लसला, पहिल्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला, दुसऱ्याचा मायनस अॅम्पला. झाले ८ ओम. पॅरलल करू नका, २ ओम होतील आणि बोर्ड-अडॅप्टरवर करंटचा भार फार वाढेल. प्लस मायनसच्या खुणा पुसल्या असतील तर पेन्सिल सेल क्षणभर लावून बघा, कोन बाहेर आला तर सेलचा प्लस जिथे आहे तो प्लस. एक कॉइल उलटी लागली तर दोन्ही एकमेकींशी भांडतात आणि आवाजच येत नाही, त्यामुळे ही तपासणी सोडू नका. कोणी म्हणेल ८ ओमला वॅट कमी मिळतील. हो, निम्मे मिळतील, पण करंट दोन कॉइलमधून जातोय म्हणून तेवढ्याच व्होल्टेजला कोनवरचा जोर तेवढाच राहतो, वर कंट्रोल वाढतो.

आता पाइप. व्हिडिओतल्या माणसाचा पाइप त्याच्या बॉक्ससाठी बरोबर असेल, तुमच्यासाठी नाही. पाइपमधली हवा आणि बॉक्समधली हवा मिळून एका ठराविक फ्रिक्वेन्सीला वाजतात, तिला ट्युनिंग म्हणतात, आणि ती तीन गोष्टींवर ठरते: बॉक्सचे लिटर, पाइपचा आतला व्यास, पाइपची लांबी. तुमचा बॉक्स ३३ गुणिले ३३ गुणिले २० म्हणजे साधारण २२ लिटर, त्यातून वूफरचं मॅग्नेट आणि बास्केट जागा खातं, म्हणजे २० धरा. ७५ एमएमच्या पाइपचा आतला व्यास ७१ एमएमच्या आसपास असतो. हिशोब केला तर ट्युनिंग येतं ६२-६३ हर्ट्झ. सबवूफरसाठी हे फार वर आहे. म्हणजे ६०-७० च्या पट्ट्यात बॉक्स जीव तोडून वाजणार, आणि त्याच्या खाली पाइपमधून येणारा आवाज कोनच्या आवाजाच्या उलट फेजमध्ये जाऊन त्याला खाऊन टाकणार. ट्युनिंगच्या खाली पोर्टेड, म्हणजे पाइपवाल्या बॉक्सचा आवाज ऑक्टेव्हला, म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की, २४ डीबीने पडतो, म्हणजे ६२ ला जे आहे त्याच्या मानाने ३१ हर्ट्झला तुमच्याकडे काही उरतच नाही. सिनेमातला खोल आवाज २० ते ४० हर्ट्झमध्ये असतो. तो का येत नाही ते इथे कळलं.

फडफडीचं पण इथेच उत्तर आहे. ट्युनिंगच्या खाली कोनला आतल्या हवेचा आधार राहत नाही, भोकातून हवा नुसती ये-जा करते आणि कोन मोकळा हलतो. त्यात १२ व्होल्टचा अडॅप्टर, म्हणजे अॅम्प लवकर क्लिप होतो, व्होल्टेज पुरत नाही आणि आवाजाची टोकं कापली जातात. आत्ता तुमचा वूफर वाचलाय तो अॅम्प छोटा आहे म्हणून. याच बॉक्सवर ३०० वॅट लावून सिनेमा बघितला असता तर कॉइल मागच्या प्लेटवर आपटली असती, तो टक टक आवाज एकदा ऐकला की विसरत नाही माणूस.

एक फुकटचा प्रयोग आजच करा. कॉइलचं वायरिंग दुरुस्त करा, मग जुना नॅपकिन घट्ट गुंडाळून पाइपमध्ये ठासून बसवा, हवा अजिबात जायला नको. बॉक्स कोपऱ्यातून काढून भिंतीच्या मधोमध ठेवा. आणि तीच गाणी परत लावा. बेस कमी वाटेल, साहजिक आहे, पण वेगवेगळे सूर वेगवेगळे ऐकू यायला लागतील, बेस गिटार चढतेय उतरतेय ते कळेल, तबल्याचा बायां घुमतोय तो घुमल्यासारखा वाटेल. हे झालं तर तुमचा वूफर चांगला आहे, लाकडावर पैसे घालायला हरकत नाही.

आता नवीन बॉक्स. इथे मात्र मी सरळ "इतके लिटर करा" असं सांगू शकत नाही, कारण ते वूफरवर अवलंबून आहे आणि तुमच्या वूफरचे आकडे आपल्याकडे नाहीत. दुकानात "१२ इंचीला दीड घनफूट" असं सांगतात ते ऐकू नका. दोन १२ इंची वूफर एकमेकांपासून इतके वेगळे असू शकतात की एकाला ३० लिटर पुरतात आणि दुसऱ्याला १०० कमी पडतात. डॉल्बीच्या भिंतीत बसवतात तो १२ किंवा १५ इंची पीए (कार्यक्रमांच्या मोठ्या साउंडचा) वूफर बघा, त्याचा कोन हलका, सस्पेन्शन कडक, स्वतःची फ्रिक्वेन्सी (एफएस) ४०-५० हर्ट्झ, थोड्या वॅटमध्ये प्रचंड आवाज, पण कोन फार पुढेमागे जात नाही. छातीवर बसतो तो ठोका ५० ते १०० हर्ट्झमधला असतो, त्यासाठी तो वूफर उत्तम. कार सबवूफरचा कोन जड, रबराची कड जाड, लांब हलतो, खाली जातो, पण वॅट खातो. छोटा बॉक्स, खोल बेस आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हीपैकी दोनच मिळतात. याला हॉफमनचा नियम म्हणतात, केएलएच कंपनीच्या नावातला एच म्हणजे हाच हॉफमन. कुठलाही बोर्ड, कुठलंही अॅप हा नियम मोडू शकत नाही.

आपल्याला तीन आकडे पाहिजेत. एफएस म्हणजे वूफर मोकळा असताना त्याची स्वतःची फ्रिक्वेन्सी. क्यूटीएस वर सांगितलाच. आणि व्हीएएस, म्हणजे वूफरच्या सस्पेन्शनइतकी मऊ स्प्रिंग व्हायला किती लिटर हवा लागेल तो आकडा. यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये पोर्टेड बॉक्सचं गणित मांडलं आणि १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेलं. त्याआधी पोर्टेड बॉक्स बराचसा अंदाजाने, ऐकून ऐकून जमवावा लागायचा. आपल्याकडे अजून बहुतेक जण तसाच करतात, म्हणून जीव तोडून सांगतोय, आधी मोजा आणि मग लाकूड कापा.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही. वूफर बॉक्समधून काढून मोकळ्या हवेत धरा, टेबलावर पालथा घालू नका. दोन्ही कॉइल सिरीजमध्ये. अॅम्पच्या आउटपुटला १ किलोओमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावून मग वूफर. फोनवर टोन जनरेटर अॅप. अॅम्पचं आउटपुट ५ व्होल्ट एसीच्या आसपास ठेवा आणि मीटर वूफरच्या टर्मिनलवर. इथे एक अडचण येते ती आधीच सांगतो, तो जो छोटा स्वस्त पिवळा मीटर सगळ्यांकडे असतो त्याची एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्ट असते, त्यावर हे दिसणारच नाही. एसी मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर लागेल, कोणाकडून तरी एक दिवस मागून आणा. आधी वूफरच्या जागी १० ओमचा रेझिस्टर लावून किती मिलिव्होल्ट येतात ते लिहून ठेवा, पुढे सगळ्या रीडिंगचे ओम त्यावरून काढता येतात. मग वूफर लावून टोन ८० हर्ट्झपासून हळूहळू खाली आणा. रीडिंग वाढत जाईल, एका ठिकाणी सगळ्यात जास्त होऊन परत उतरायला लागेल. ते शिखर म्हणजे एफएस. कोन जरासुद्धा जोरात हलत नसला पाहिजे, हे मोजमाप अगदी कमी पॉवरवर करायचं असतं.

शिखराचे ओम भागिले डीसी ओम (मीटर ओमवर ठेवून वूफरचे येतात ते), हा एक आकडा घ्या, त्याला आर म्हणू. आता डीसी ओम गुणिले आरचं वर्गमूळ, इतके ओम शिखराच्या दोन्ही बाजूंना कुठल्या फ्रिक्वेन्सीला येतात त्या दोन फ्रिक्वेन्सी लिहा. क्यूएमएस म्हणजे एफएस गुणिले आरचं वर्गमूळ भागिले त्या दोघांतला फरक. आणि क्यूटीएस म्हणजे क्यूएमएस भागिले आर. व्हीएएससाठी तुमचा हाच जुना बॉक्स कामाला येतो. पाइप पक्का बंद करा, वूफर बसवा, शिखर परत शोधा, आता ते वर सरकलेलं असेल. नवीन शिखर भागिले एफएस, त्याचा वर्ग, त्यातून १ वजा, गुणिले बॉक्सचे लिटर. साधारण व्हीएएस मिळाला. लॅपटॉप असेल तर रूम इक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, ते साउंड कार्ड आणि एका रेझिस्टरवर हेच सगळं पाच मिनिटांत काढून देतो.

समजा तुमचे आकडे आले एफएस ३० हर्ट्झ, क्यूटीएस ०.५, व्हीएएस ८० लिटर. हे मी धरलेले आकडे आहेत, पण जुन्या पद्धतीच्या कार वूफरला असेच काहीतरी येतात. बंद बॉक्सचं गणित अगदी सोपं आहे: व्हीएएस भागिले बॉक्सचे लिटर, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. या आकड्याने एफएसला गुणलं की बॉक्समधली फ्रिक्वेन्सी, क्यूटीएसला गुणलं की बॉक्समधला क्यू. तुमच्या २० लिटरमध्ये वर्गमूळ येतं २.२४, म्हणजे ६७ हर्ट्झ आणि क्यू १.१२. पाइप बंद केला तरी ८५ हर्ट्झच्या आसपास २ डीबीचा फुगवटा राहणार आणि त्याच्या खाली आवाज लवकर उतरणार. ४० लिटरमध्ये तेच होतात ५२ हर्ट्झ आणि ०.८७. ८० लिटरमध्ये ४२ हर्ट्झ आणि ०.७०७. हा ०.७०७ चा क्यू म्हणजे फुगवटा अजिबात नाही, सपाट चालून मग सावकाश उतरतो. वूफर तोच, वॅट तेवढेच, आणि ६७ वरून ४२ वर आलात नुसत्या लाकडावर.

जागा नसेल तर ५०-६० लिटर करा आणि आत पॉलिस्टर फायबर भरा, उशीत भरतात तो पांढरा, गादीवाल्याकडे किलोवर मिळतो. पिंजून सैल भरायचा, कोंबायचा नाही. त्याने बॉक्स १०-१५ टक्के मोठा असल्यासारखा वागतो. कापूस नको, तो काही महिन्यांत खाली बसतो आणि कोकणात दमट होतो.

पोर्टेड का नको? क्यूटीएस ०.३५-०.४ च्या आसपास आला असता तर मीच पोर्टेड सांगितला असता, तिथे पोर्टने खाली छान ताकद मिळते. ०.५ ला पोर्टेडमध्ये फुगवटा यायला लागतो, आणि तुमची मूळ तक्रारच फुगवट्याची आहे. शिवाय बंद बॉक्स खाली १२ डीबीनेच उतरतो आणि छोट्या बंद खोलीत अगदी खालच्या आवाजाला खोलीची थोडी मदत मिळते, दोन्ही मिळून घरात बंद बॉक्स बरेचदा कागदावरच्यापेक्षा खोल वाजतो. तरीही पोर्टेड करायचाच असेल तर पाइपची लांबी अशी काढा: आतल्या व्यासाचा सेंटीमीटरमध्ये वर्ग गुणिले २३५६२.५, भागिले ट्युनिंगचा वर्ग गुणिले लिटर, आणि आलेल्या उत्तरातून व्यासाची ०.७३२ पट वजा. ८० लिटर, ३२ हर्ट्झ, आतला व्यास १० सेंटीमीटर असेल तर लांबी येते २१.४ सेंटीमीटर. कापताना २४ कापा, मोजा, मग कमी करा. आणि पोर्टेडला सबसॉनिक फिल्टर, म्हणजे ट्युनिंगच्या खालचा आवाज वूफरकडे जाऊ न देणारा फिल्टर, हवाच. विनआयएसडी हे फुकट सॉफ्टवेअर सगळं काढून देतं, पण एकदा हाताने करून बघा, लिटर आणि लांबीचा संबंध डोक्यात पक्का बसतो.

इथपर्यंतचं म्हणजे: दोन्ही कॉइल जोडा, पाइप बुजवून ऐका, मग मोजा, मग लिटर ठरवा. आता सुतारकाम.

मिस्त्रीला माप देताना "आतून" हा शब्द कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. ८१ लिटरसाठी तुम्ही ४५ बाय ४५ बाय ४० दिलं आणि मिस्त्रीने ते बाहेरून धरलं तर १८ एमएम प्लाय दोन्हीकडून आत येऊन उरतात ६२ लिटर. १९ लिटर गेले, आणि बाहेरून बॉक्स बघणाऱ्याला काहीच चुकलेलं दिसत नाही. मिस्त्रीची चूक नसते, कपाट करायची सवय असते त्यांची, कपाट बाहेरूनच मोजतात. मी प्रत्येक फळीचं माप वेगळं लिहून देतो: पुढची मागची ४८.६ बाय ४८.६, वरची खालची ४८.६ बाय ४०, बाजूच्या ४५ बाय ४०. आणि कागदावर कटिंग काढून बघा. क्षेत्रफळ बघितलं तर हा बॉक्स चार बाय चार फुटाच्या अर्ध्या शीटमध्ये बसायला पाहिजे, पण बसत नाही, पाच तुकडे निघतात आणि सहावा निघत नाही. पूर्ण आठ बाय चार शीट घ्या, उरलेल्यात आतला आधार होतो.

लाकूड चिपळूणला कुठलं हा खरा प्रश्न आहे. बाहेरचे लोक एमडीएफ म्हणतात आणि कोरड्या हवेत एमडीएफ खरंच चांगलं, एकसारखं, जड, गोल छान कापता येतो. पण कोकणातल्या पावसाळ्यात एमडीएफच्या कडा पाणी पितात, फुगतात, आणि एकदा फुगलेली कड परत बसत नाही, स्क्रू सैल होतात. तुम्ही आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या, १८ एमएम. शिक्क्यावर विसंबू नका, कापलेली कड बघा, थरांमध्ये पोकळी दिसली तर ती शीट नको. त्या पोकळीत सुटलेला पापुद्रा बेसवर कुर्र कुर्र वाजतो आणि तो आवाज बॉक्स बंद झाल्यावर कुठून येतोय ते सापडत नाही. टकटक करून बघितलं तरी पोकळ जागा कळते.

सांध्यांना फेविकॉल भरपूर आणि स्क्रू फक्त वाळेपर्यंत धरायला. आतून सगळ्या कोपऱ्यांत फेविकॉल आणि प्लायचा बारीक भुसा कालवून तो लेप बोटाने दाबून भरा. सिलिकॉन वापरलंत तर आंबट वास पूर्ण जाईपर्यंत, निदान दोन दिवस, वूफर बसवू नका, ती वाफ वूफरच्या कडेला आणि डिंकाला चांगली नाही. आत एक खिडकीसारखी चौकट, म्हणजे मधे मोठं भोक असलेली फळी, चारही बाजूंना चिकटेल अशी, बॉक्सच्या मध्यापासून थोडी सरकवून लावा. ४५ सेंटीमीटरची मोकळी फळी स्वतः वाजते, ही चौकट ते थांबवते. चौकट आणि वूफर मिळून ४-५ लिटर खातात, ते आधीच धरा. वूफरखाली फोमची पट्टी, आणि लाकडात सरळ स्क्रू न मारता टी नट (फळीच्या मागून ठोकून बसवायचे आट्यांचे नट) लावा, जड वूफर दोन-तीनदा काढला घातला की प्लायमधली भोकं सैल होतात.

बंद बॉक्स खरंच बंद आहे का बघायची माझी पद्धत: २५-३० हर्ट्झचा टोन हलकासा लावायचा, कोन दिसेल इतपत हलू द्यायचा, पंखा बंद करायचा आणि पेटलेली उदबत्ती सगळ्या सांध्यांवरून, टर्मिनलच्या वाटीभोवती, वूफरच्या कडेने हळू फिरवायची. जिथे गळती असेल तिथे सरळ चाललेली धुराची रेघ थरथरायला लागते. बहुतेक वेळा टर्मिनलची वाटीच गळते, सांधे नाही. उदबत्ती कोनच्या रबराला लागू देऊ नका.

खोलीबद्दल थोडं. १० फुटांच्या खोलीत ५६ हर्ट्झ आणि १२ फुटांत ४७ हर्ट्झ हे सूर भिंतींमध्ये अडकून फुगतात. तुमचा स्लॅब पण १० फुटांवर असेल तर ५६ दोनदा फुगतो. कोपऱ्यात बॉक्स ठेवला की हे सगळेच सूर जोरात उठतात. म्हणून नवीन बॉक्स झाल्यावर तो आधी तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, बेस चढत उतरत जाणारं गाणं लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेने गुडघ्यावर रांगत फिरा, कान जमिनीजवळ. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतात ती बॉक्सची जागा. घरचे हसतील, पण याच्याइतका फरक कुठल्याही इक्वलायझरने पडत नाही.

आणि शेवटी तुमचा मूळ प्रश्न, अॅम्प. १०० चे ३०० वॅट केले तर वाढतात पावणेपाच डीबी, ऐकताना "थोडं मोठं" इतकंच वाटतं. पण तुमच्याकडे मुळात १०० वॅट पण नाहीयेत. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर हा बोर्ड ४ ओमला १८ वॅटच्या वर स्वच्छ देऊच शकत नाही, आणि ८ ओमला ९. बोर्डावर काहीही छापलेलं असो. २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा अडॅप्टर लावला की ८ ओमला ३६ वॅट मिळतात, म्हणजे चौपट, ६ डीबी जास्त, ३०० वॅटच्या अॅम्पपेक्षा कितीतरी कमी पैशांत. लावायच्या आधी बोर्डावरचे मोठे कपॅसिटर ३५ व्होल्टचे आहेत का ते वाचा, काही स्वस्त बोर्डांवर २५ चे असतात, त्यांच्यावर २४ व्होल्ट चालवू नका. १० बाय १२ च्या खोलीत बंद बॉक्स, दोन्ही कॉइल आणि हे ३६ वॅट, एवढ्यात गाण्यांना भरपूर होतं. सिनेमाला अजून हवंसं वाटलं तर तेव्हा मोठा अॅम्प बघू, तोपर्यंत वूफर किती सहन करतो ते पण मोजून कळलेलं असेल. क्रॉसओव्हर, म्हणजे सबकडे कुठपर्यंतचे सूर जाणार ती हद्द, ८० हर्ट्झला ठेवा.

एफएस, आर, बाजूच्या दोन फ्रिक्वेन्सी आणि बंद बॉक्समधलं शिखर, एवढे आकडे इथे लिहा, कॉइलचे डीसी ओम पण. फळ्यांची मापं मी काढून देतो. आणि मिस्त्रीकडे जायच्या आधी बॉक्सची जास्तीत जास्त उंची किती चालेल ते सांगा, टीव्हीखाली बसवायचा असेल तर तेवढेच लिटर आडव्या आकारात बसवता येतात.